पिएत्रो मेन्नेआ: मेक्सिकोची उंची आणि मॉस्कोचा बहिष्कार बाजूला ठेवला तर काय उरते?

प्रश्न (जिज्ञासू वाचक)

इटलीचा धावपटू पिएत्रो मेन्नेआ याच्याविषयी वाचताना दोन टोकांची मते सतत समोर येतात आणि त्यांपैकी कोणते ग्राह्य मानावे हे मला ठरवता येत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

दक्षिण इटलीतील बार्लेत्ता येथे 28 जून 1952 रोजी जन्मलेल्या या धावपटूच्या नावावर दोन गोष्टी ठळकपणे नोंदलेल्या आहेत. 12 सप्टेंबर 1979 रोजी मेक्सिको सिटीतील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत त्याने 200 मीटर अंतर 19.72 सेकंदांत पार केले आणि तो विश्वविक्रम 1996 च्या जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षे, कोणालाही मोडता आला नाही. पुढच्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याने याच अंतराचे सुवर्णपदक जिंकले.

आक्षेपही नेमके या दोन गोष्टींवरच घेतले जातात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर आहे, तेथील हवा विरळ आहे आणि त्या दिवशी सेकंदाला 1.8 मीटर वेगाचा वारा धावपटूंच्या पाठीशी होता, त्यामुळे ती वेळ खऱ्या अर्थाने त्याची नव्हे असे म्हटले जाते. मॉस्कोत अमेरिकेने बहिष्कार घातला होता, त्यामुळे तेथील सुवर्णपदकाचे मोल कमी होते असेही म्हटले जाते. उलट इटलीत त्याला ‘दक्षिणेचा बाण’ म्हणून आजही जो मान मिळतो, तो पाहता ही कारकीर्द दोन दिवसांच्या योगायोगावर उभी असेल असे मला मनापासून वाटत नाही. परंतु वाटणे हा पुरावा नव्हे. हे दोन्ही दिवस बाजूला ठेवले तर मेन्नेआच्या कारकिर्दीत काय उरते, आणि ते दोन दिवस बाजूला ठेवणे मुळात न्याय्य आहे का, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर (वळणावरून)

आपल्या प्रश्नातील उंचीच्या भागापुरते लिहितो, कारण त्याबद्दल पुष्कळ अर्धवट बोलले जाते.

मेक्सिको सिटीच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक पंचमांशाने कमी असते. धावपटूचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही झपाट्याने वाढतो, म्हणून विरळ हवेचा सर्वाधिक फायदा वेगवान आणि छोट्या शर्यतींना होतो. वीस सेकंदांच्या शर्यतीत शरीर श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर फारसे अवलंबून नसते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या धावपटूंना 1968 च्या ऑलिंपिकमध्ये तेथे जो त्रास झाला, तो 200 मीटरवाल्यांना झाला नाही. म्हणजे मेन्नेआला उंचीचा लाभ झाला हे निर्विवाद आहे, आणि त्याचा आदर करणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वाऱ्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे. 2.0 मीटरपर्यंतचा वारा नियमात बसतो आणि विक्रमांच्या यादीत या मर्यादेच्या जवळपास गेलेले वारे अनेक आहेत.

आता ज्या विक्रमाला त्याने मागे टाकले तो पाहा. टॉमी स्मिथ याने 1968 मध्ये 19.83 सेकंदांची वेळ दिली तीसुद्धा मेक्सिको सिटीतच, म्हणजे तितक्याच विरळ हवेत. 1971 मध्ये डॉन क्वारी याने 19.86 सेकंदांची वेळ दिली ती कोलंबियातील काली येथे, आणि तेही शहर सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. थोडक्यात, मेन्नेआची तुलना ज्यांच्याशी व्हायची त्यांनाही उंचीचा हात मिळालाच होता, आणि त्यांच्यापेक्षा तो शतांश नव्हे तर दशांश सेकंदाने पुढे गेला. स्मिथने शेवटच्या काही मीटरांत दोन्ही हात वर केले होते, त्यामुळे त्याची खरी क्षमता 19.83 पेक्षा अधिक होती, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. परंतु विक्रम रेषेवर मोजला जातो आणि रेषेपर्यंत जोर न सोडणे हे मेन्नेआच्या धावण्याचे मुख्य लक्षण होते. त्या दिवशीच्या शर्यतीची जी विभागणी दिली जाते, तिच्यात पहिल्या शंभर मीटरना 10.34 आणि पुढच्या शंभर मीटरना 9.38 सेकंद लागलेले दिसतात. वळणावर तो विलक्षण वेगवान नव्हता. सरळ पट्टीत इतरांचा वेग उतरू लागला की याचा उतरत नसे.

विक्रम इतकी वर्षे टिकला याचे सगळे श्रेय उंचीला देणाऱ्यांनी पुढील सोळा वर्षांत काय झाले हेही तपासावे. कार्ल लुईस 1983 मध्ये इंडियानापोलिस येथे 19.75 सेकंदांत धावला आणि त्यानेही शेवटी हात वर केले. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जो डीलोच याची वेळ 19.75 होती. 1992 मध्ये बार्सेलोना येथे माइक मार्श उपांत्य फेरीत 19.73 सेकंदांत धावला आणि तोही रेषेजवळ सैल पडला होता, म्हणजे एका शतांशाने विक्रम हुकला. हे तिघेही समुद्रसपाटीच्या जवळ धावले, म्हणून शुद्ध क्षमतेच्या मापात त्यांना मेन्नेआच्या वर ठेवावे लागेल आणि मी तसे ठेवतो. शेवटी मायकेल जॉन्सन याने 23 जून 1996 रोजी अटलांटा येथे 19.66 सेकंदांची वेळ देऊन हा विषय संपवला.

परंतु आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मेक्सिकोच्या बाहेर आहे. 17 ऑगस्ट 1980 रोजी, मॉस्कोनंतर तीन आठवड्यांच्या आत, मेन्नेआ आपल्या जन्मगावी बार्लेत्ता येथे 200 मीटर धावला. बार्लेत्ता हे एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचे गाव आहे आणि त्या शर्यतीत वारा जवळजवळ नव्हताच. वेळ होती 19.96 सेकंद. 19.72 आणि 19.96 यांच्यातील फरकात मेक्सिकोची हवा आणि मेक्सिकोचा वारा दोन्ही येऊन जातात. म्हणजे ज्याला मेक्सिकोची वेळ मान्य नसेल, त्याने तिच्या जागी बार्लेत्ताची ठेवावी. समुद्रकाठी, शांत हवेत, वीस सेकंदांच्या आत धावणारा हा मनुष्य त्या काळी जगातील अगदी मोजक्या धावपटूंपैकी एक होता. माझ्या मते त्याची सर्वोत्तम शर्यत 1979 ची नसून ही आहे, आणि तिच्याविषयी इतके कमी लिहिले जाते याचे मला वाईट वाटते.

उत्तर (आठवी लेन)

उंचीविषयी वर उत्तम विवेचन झाले आहे. मी मॉस्कोविषयी लिहितो, कारण ती अंतिम शर्यत मी अनेकदा पाहिली आहे आणि ‘बहिष्कारामुळे मिळालेले पदक’ हे वर्णन तिला लागू पडत नाही असे माझे ठाम मत आहे.

प्रथम पार्श्वभूमी. इटलीच्या सरकारचा कल बहिष्काराच्या बाजूने होता, परंतु तेथील ऑलिंपिक समितीने खेळाडू पाठवण्याचा निर्णय घेतला. लष्करी दलांमध्ये नोकरीस असलेल्या खेळाडूंना जाता आले नाही, आणि जे गेले ते राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली गेले. मेन्नेआच्या पदकप्रदानाच्या वेळी इटलीचा तिरंगा वर गेला नाही आणि इटलीचे राष्ट्रगीतही वाजले नाही. आयुष्यभर ज्या क्षणासाठी कष्ट केले तो क्षण अशा रीतीने वाट्याला आला, हेही बहिष्काराच्या हिशेबात धरले पाहिजे.

मॉस्कोत त्याची सुरुवात वाईट झाली. 100 मीटरमध्ये तो उपांत्य फेरीतच बाद झाला आणि ते सुवर्णपदक स्कॉटलंडच्या ॲलन वेल्स याने ब्रिटनसाठी जिंकले. 28 जुलै रोजी 200 मीटरच्या अंतिम फेरीत मेन्नेआच्या वाट्याला आठवी, म्हणजे सर्वांत बाहेरची लेन आली आणि शेजारी सातव्या लेनमध्ये नेमका वेल्स होता. बाहेरच्या लेनमधील धावपटूला वळणावर इतर कोणी दिसत नाही. वेल्सला मात्र मेन्नेआ समोर दिसत होता, आणि वळणाच्या पूर्वार्धातच त्याने बाहेरच्या लेनला सुरुवातीला पुढे ठेवणारे अंतर भरून काढून मेन्नेआला मागे टाकले. सरळ पट्टीत प्रवेश करताना वेल्स स्पष्टपणे काही पावले पुढे होता आणि मेन्नेआच्या हाती पदक तरी लागेल की नाही अशी स्थिती होती. तेथून त्याने एकेकाला गाठत शेवटच्या मीटरांत वेल्सलाही मागे टाकले. मेन्नेआ 20.19, वेल्स 20.21, तिसरा डॉन क्वारी 20.29, चौथा क्यूबाचा सिल्व्हिओ लिओनार्ड 20.30.

ही नावे पाहा. क्वारी हा 1976 चा ऑलिंपिक विजेता होता, लिओनार्ड त्या काळातील सर्वांत वेगवान धावपटूंमध्ये मोडत होता आणि वेल्स 100 मीटरचा ताजा विजेता होता. अमेरिकेचे धावपटू असते तर निकाल काय लागला असता हे कोणालाच सांगता येणार नाही, परंतु एक धागा उपयोगी पडतो. मॉस्कोनंतर थोड्याच दिवसांत पश्चिम जर्मनीतील कोब्लेंझ येथे वेल्सची गाठ अमेरिकेच्या आघाडीच्या धावपटूंशी 100 मीटरमध्ये पडली आणि तेथेही तोच जिंकला. ज्याने अमेरिकनांना हरवले त्याला मेन्नेआने मॉस्कोत त्याच्या ऐन भरात हरवले होते. शिवाय बार्लेत्ताची 19.96 त्याच उन्हाळ्यातली आहे. तेव्हा अमेरिकन धावपटू आले असते तरी सुवर्णाचा एक प्रबळ दावेदार मेन्नेआच असता, इतके म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कोणताही मोठा बहिष्कार नव्हता. तेथे वीस वर्षांच्या मेन्नेआने 200 मीटरमध्ये 20.30 सेकंदांसह कांस्यपदक मिळवले. पुढे होते 20.00 सेकंदांत धावलेला सोव्हिएत संघाचा व्हॅलेरी बोर्झोव्ह आणि अमेरिकेचा लॅरी ब्लॅक. हे पदक विसरून मॉस्कोकडे पाहणाऱ्यांना मेन्नेआ जणू अचानक उगवला असे वाटते.

जिज्ञासू वाचक

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. बार्लेत्ताच्या शर्यतीची मला काहीच कल्पना नव्हती. आता एक उपप्रश्न उरतो. मेन्नेआ उंचीने पावणेसहा फुटांच्या किंचित वर आणि अंगाने सडपातळ होता, शर्यतीच्या सुरुवातीला ब्लॉकमधून सुटण्यात तो कधीच सर्वांत चपळ नव्हता, आणि तरीही शेवटच्या पन्नास मीटरांत त्याचा वेग टिकत असे. हे निसर्गदत्त होते की घडवलेले? आणि 1976 मध्ये माँट्रियल येथे तो चौथा का आला?

उत्तर (मैदानातला)

मी स्वतः अनेक वर्षे धावण्याच्या प्रशिक्षणाशी संबंधित असल्याने या प्रश्नाचा मला विशेष जिव्हाळा आहे. माझे उत्तर असे की ते बहुतांशी घडवलेले होते, आणि घडवणाऱ्याचे नाव कार्लो व्हित्तोरी.

व्हित्तोरी स्वतः 1952 च्या ऑलिंपिकमध्ये धावलेला माजी धावपटू होता. रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान समुद्रकाठी असलेल्या फोर्मिया येथील ऑलिंपिक समितीच्या प्रशिक्षण केंद्रात त्याने मेन्नेआला वर्षानुवर्षे तयार केले. वेगवान धावपटूने थोडे, ताजेतवाने आणि पूर्ण जोराने धावावे असा विचार तेव्हा सर्वसाधारणपणे रूढ होता. व्हित्तोरीने त्याच्याबरोबरीने दुसरी बाजू लावून धरली. त्याने वेग टिकवण्याच्या क्षमतेला स्वतंत्र गुण मानले आणि तो वाढवण्यासाठी छोट्या अंतरांच्या जवळजवळ पूर्ण वेगाच्या धावा, मध्ये अपुरी विश्रांती ठेवून, गटागटांनी पुन्हा पुन्हा करून घेतल्या. अशा सरावाचे प्रमाण इतके मोठे असे की पुष्कळ धावपटूंचे स्नायू ते सहनच करू शकले नसते. मेन्नेआ ते सहन करी, सणासुदीच्या दिवशीही मैदानावर असे आणि दुखापतींमुळे फार काळ बाहेर राहिला नाही. शरीराची ही सहनशीलता निसर्गदत्त म्हणता येईल, परंतु तिचा उपयोग होण्यासाठी असा प्रशिक्षक आणि असा हट्टी विद्यार्थी एकत्र यावे लागले. दोघांचे संबंध सोपे नव्हते, दोघेही तापट होते आणि त्यांच्यात खटके उडत, हे सर्वश्रुत आहे.

या तयारीचा पुरावा 200 मीटरच्या बाहेरही सापडतो. 1978 मध्ये मिलान येथील युरोपीय बंदिस्त (इनडोअर) अजिंक्यपद स्पर्धेत त्याने 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, आणि मॉस्कोत 4 बाय 400 मीटर रिलेत इटलीला मिळालेल्या कांस्यपदकातही तो सहभागी होता. त्याच 1978 च्या उन्हाळ्यात प्राग येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने 100 मीटर 10.27 सेकंदांत आणि 200 मीटर 20.16 सेकंदांत जिंकले, आणि 200 मीटरमध्ये दुसरा धावपटू त्याच्यापेक्षा चार दशांश सेकंदांहून अधिक मागे होता. युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत इतके अंतर दुर्मीळच असते. मेक्सिकोच्या एक वर्ष आधी, समुद्रसपाटीच्या जवळ, युरोपच्या सर्वोत्तम धावपटूंविरुद्ध हे घडले होते. उंचीचा आक्षेप घेणाऱ्यांना मी नेहमी प्रागकडे बोट दाखवतो. 1974 मध्ये रोम येथेही त्याने 200 मीटरचे युरोपीय अजिंक्यपद मिळवले होते आणि 100 मीटरमध्ये बोर्झोव्हच्या मागे रौप्य.

माँट्रियलविषयी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी त्याला सूर सापडला नव्हता आणि ऑलिंपिकला जाऊ नये असे त्याने ठरवलेही होते, परंतु देशात मोठी ओरड झाली आणि तो गेला. अंतिम फेरीत त्याची वेळ 20.54 सेकंद होती आणि तिसऱ्या क्रमांकाच्या ड्वेन इव्हान्सची 20.43. माझ्या दृष्टीने यात आश्चर्य काही नाही. इतक्या भारी सरावाच्या पद्धतीत एखादा हंगाम वाया जाण्याचा धोका असतोच आणि तो नेमका ऑलिंपिकच्या वर्षी आला.

आता टिकाव पाहा. 1980 नंतर अभ्यासाकडे लक्ष देण्यासाठी त्याने निवृत्ती जाहीर केली आणि नंतर तो परतला. 1983 मध्ये हेलसिंकी येथे पहिले जागतिक अजिंक्यपद झाले, तेव्हा एकतिसाव्या वर्षी त्याने 200 मीटरचे कांस्यपदक मिळवले आणि त्याच्या पुढे होते ते कॅल्व्हिन स्मिथ आणि एलियट क्वाव हे दोघेही अमेरिकन. 1984 मध्ये लॉस एंजेलिस येथे तो अंतिम फेरीत सातवा आला, आणि त्याबरोबर सलग चार ऑलिंपिकमध्ये 200 मीटरची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला धावपटू ठरला. 1988 मध्ये सोल येथे तो पाचव्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि उद्घाटनाच्या वेळी इटलीचा ध्वज त्याच्या हाती होता. मॉस्कोत जो ध्वज त्याला मिळाला नाही, तो आठ वर्षांनी त्याने स्वतः वाहून नेला हे मला फार मोलाचे वाटते.

आपण विचारले होते की ते दोन दिवस वगळले तर काय उरते. म्युनिकचे आणि हेलसिंकीचे कांस्य, रोमचे आणि प्रागचे युरोपीय अजिंक्यपद, चार ऑलिंपिक अंतिम फेऱ्यांपैकी तीन आणि बार्लेत्ताची 19.96 एवढे उरते. एवढ्यावर दुसऱ्या कोणत्याही युरोपीय धावपटूची गणना महान म्हणून झाली असती. आणि ते दोन दिवस वगळणे न्याय्य आहे का, यावर माझे उत्तर नकारार्थी आहे, कारण उरलेली कारकीर्द त्या दोन दिवसांना पुरेपूर दुजोरा देते.

उत्तर (रिलेप्रेमी)

वरील चर्चेत दोन गोष्टींची भर घालतो.

मेन्नेआने 4 सप्टेंबर 1979 रोजी मेक्सिको सिटीतच 100 मीटरची 10.01 सेकंदांची वेळ दिली होती. तो इटलीचा राष्ट्रीय विक्रम 22 जून 2018 रोजी फिलिप्पो तोर्तू याने माद्रिद येथे 9.99 सेकंदांत धावून मोडला, म्हणजे त्याला जवळजवळ एकोणचाळीस वर्षे लागली. 200 मीटरच्या 19.72 या युरोपीय विक्रमाच्या सर्वांत जवळ गेला तो ब्रिटनचा झार्नेल ह्यूज. 2023 मध्ये लंडन येथे त्याची वेळ 19.73 होती.

मार्सेल जेकब्स याच्याशी तुलना हल्ली वारंवार होते. 1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो येथे 100 मीटरची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला इटालियन पुरुष होऊन तो तीच फेरी 9.80 सेकंदांत जिंकला, आणि काही दिवसांनी रिलेतही सुवर्ण मिळवले. शिखराच्या उंचीचा विचार केला तर जेकब्सचे पारडे जड आहे हे मान्य करावे लागते. परंतु 1972 ते 1984 अशा बारा वर्षांत प्रत्येक ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दिसणे ही वेगळीच कसोटी आहे, आणि त्या कसोटीवर मी मेन्नेआलाच वर ठेवतो.

रिलेचा उल्लेख येथे कोणी विस्ताराने केला नाही, म्हणून तो करतो. मेन्नेआचे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय पदक 4 बाय 100 मीटर रिलेतील होते, 1971 च्या हेलसिंकी येथील युरोपीय स्पर्धेतील कांस्य. बारा वर्षांनी त्याच शहरात, जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत, तिल्ली, सिमिओनातो आणि पावोनी यांच्यानंतर शेवटचा टप्पा मेन्नेआ धावला. अमेरिकेच्या संघाने 37.86 सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्यांच्यामागे 38.37 सेकंदांसह इटलीने रौप्यपदक जिंकले. ही वेळ इटलीचा राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली ती थेट 2010 पर्यंत, जेव्हा बार्सेलोना येथील युरोपीय स्पर्धेत इटलीचा संघ 38.17 सेकंदांत धावला. टोकियोतील विजयी संघाची वेळ 37.50 होती आणि त्यात शेवटचा टप्पा धावलेला तोर्तू हा तोच, ज्याने मेन्नेआचा 100 मीटरचा विक्रम मोडला होता.